नवी गाडी घेतलीस भावा? मग एवढं कर

गाडी घेतलीस, पेढे वाटलेस, कोल्हापूरच्या अंबाबाईचं दर्शन झालं, चाकाखाली लिंबं फुटली. पण कंपनीनं दिली तशीच गाडी फिरवत बसलास तर गल्लीत तोंड कसं दाखवणार?

आधी पुढं लोखंडी गार्ड बसव. २०१७ पासून सरकार त्याला बेकायदा म्हणतंय, म्हणू दे. धडक बसली की गाडीचा पुढचा भाग चेपून धक्का खातो, एअरबॅगचे सेन्सरही त्याच अंदाजानं बसवलेले असतात. गार्ड थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला आवळला की चेपाचेपी बंद, धक्का सरळ तुझ्यापर्यंत पोचतो. आपल्या वाटणीचा धक्का बंपरनं का खावा?

मग लाइट. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, तू १००/९० चा घाल. वायरिंग तेच राहू दे, जादा करंट झेलणाऱ्या रिले स्विचचा खर्च कशाला? होल्डर वितळल्याचा वास आला तर डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढं उदबत्ती लाव. टपावर एलईडी बार हवाच. शिरोलीकडनं येणाऱ्याला रस्ता दिसला नाही तरी चालेल, तू दिसलास म्हणजे झालं.

खरा विषय मात्र साउंडचा. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरवाला दोन ट्रॉल्या ओढत जातो, मागं एक रिफ्लेक्टर नसतो, पण गाणं तीन शिवारं ऐकतात. त्याच्यापुढं तुझी गाडी मुकी? डिकीत सबवूफर टाक. जागा कमी पडली तर स्टेपनी घरी ठेव, तशीही तिच्यात हवा नसतेच. ॲम्प्लिफायरमुळं फ्यूज सारखा उडायला लागला तर तिथं तारेचा तुकडा घाल. फ्यूज स्वतः जळून वायरिंग वाचवतो. तार जळत नाही, बाकीचं सगळं जळतं, पण गाणं मध्येच तुटत नाही.

आता देखभाल. पैसे उरले नसतील, ते बरंच झालं. डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या काडीवर, इंजिनचं तेल दोन खुणांच्या मध्ये आहे का बघायला सपाट जागा आणि एक फडकं लागतं. फडकं काच पुसायला राखून ठेव. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर खंडेनवमीला तिथंच हळद-कुंकू वाहा. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद म्हणतात, पण पॉलिश मारलं की दसरा चौकात कोण पट्टी लावून बघतंय? आणि ब्रेक ऑइल! ते हवेतला ओलावा ओढतं म्हणून दोनेक वर्षांनी बदलायचं असतं म्हणे. बाहेरनं दिसत नाही, त्यामुळं विषय संपला.

एवढी तयारी झाली की भर पावसात गगनबावड्याला जा आणि तिथनं करूळ घाट उतर. गाडी न्यूट्रल कर. गिअरमध्ये ठेवली तर इंजिनच तिला आवरतं, ब्रेक तापत नाहीत, पण असली काटकसर भित्र्यांनी करावी. तू पेडल दाबूनच ठेव. ब्रेक तापतील, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होईल आणि पेडल फुसकन् तळाला जाईल. गाडी डोंगराकडच्या गटारीत गेली तर तुझं नशीब.

तेव्हा गार्डचा उपयोग कळेल. दोर बांधायला तेवढी भक्कम जागा गाडीला दुसरी नाही. उद्यमनगरातला मिस्त्री गाडी ओढून नेईल, एकदा खाली वाकून बघेल आणि विचारेल, "सिस्टीम चालू हाय न्हवं?"