पुण्य तुमले, खोकं आमले

मे महिन्यापासून आमच्या कॉलनीत मी चिंगूस बाई म्हणून ओळखली जाते. कारण मिक्सरचं एक खोकं. मिक्सर माझा नाही, खोकं माझं नाही, आणि खोक्यात जे होतं ते तर मुळीच माझं नव्हतं.

आमच्या फाटकावर एक पाटी आहे. पेंटरला पैसे देऊन रंगवून घेतलेली: ‘येथे मांजरांची पिल्ले आणून सोडू नयेत.’ या पाटीने एकच झालं. पूर्वी लोकांना चौकात विचारत यावं लागायचं, आता सरळ घर सापडतं. खोकंवाले भाऊही पाटी बघूनच थांबले. मे महिना, दुपारचे तीन, जळगाव. डांबराला चप्पल चिकटते अशा वेळी माणूस मोटारसायकलवर धरणगावकडून येतो तेव्हा आपण आधी पाणी विचारतो. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येईपर्यंत खोकं ओट्यावर आणि भाऊ परत गाडीवर. खोक्यावर छापलेलं, ‘७५० वॉट, ३ भांडी’. आत चार पिल्लं.

डोळे उघडलेले, कान अजून धड उभे नाहीत. म्हणजे दोन-तीन आठवड्यांची. या वयाला दात जेमतेम फुटत असतात, चालणं म्हणजे लोळणं. मी पिल्लं परातीत काढून घेतली, तरी भाऊ जाईनात. गाडी चालू, एक पाय जमिनीवर, नजर खोक्यावर.

“ताई, तेवढं खोकं वापस द्या ना.”

मला वाटलं उन्हानं माझ्याच कानात काहीतरी झालं.

“कोणतं खोकं?”

“हाईच. आंडेरना लगनमा देवाना शे मिक्सर. बिगर खोकाना कसा देवाना?”

लेकीच्या लग्नात मिक्सर द्यायचा तर खोक्यासकट द्यावा लागतो, हे मलाही कळतं. नुसता मिक्सर मांडवात ठेवला तर व्याही म्हणणार, घरातलाच उचलून दिला. तरीही मी म्हटलं, अहो भाऊ, त्यात चार जिवांनी दोन तास घालवलेत, तळ भिजलाय, वास येतोय.

“उनमा ठेवसू, वाळी जाई.”

यावर उत्तर नव्हतं. चव्वेचाळीस डिग्रीत काहीही वाळतं. मी विषय बदलला. पिल्लांची आई कुठंय?

“ती शे ना घर. उंदीर धरस ती. तिले कसाले देऊ?”

इथं मात्र माझं डोकं सटकलं. म्हणजे आई कामाची म्हणून ठेवून घ्यायची, आणि तिची दूधपिती पिल्लं पंचवीस-तीस किलोमीटरवर परक्या बाईच्या ओट्यावर. ती तिकडे माळ्यावर चढून-उतरून ओरडत असणार. मी म्हटलं, भाऊ, पिल्लं परत न्या, महिना-दीड महिना आईजवळ राहू द्या, मग मी एकेकाला घर बघून देते. आणि आईचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर मांजर दूध पाजता पाजता पुन्हा गाभण राहतं आणि नऊ आठवड्यांत पुढची खेप तयार. तेव्हा खोकं कुठून आणणार, फ्रिजचं?

ऑपरेशन म्हटल्याबरोबर भाऊंनी दोन्ही कानांना हात लावले. “पाप लागी ना ताई!”

पिल्लं आईपासून तोडून उन्हातून आणली त्याचं काय, विचारलं. तर तेही उत्तर तयार. “मांजर बी पिल्लासले सात घर फिरावस. मी ते एकच दखाडं.”

आता मला कायदा आठवला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे आपल्याकडे, आणि जनावर भुकेनं-तहानेनं तडफडेल अशा रीतीनं विनाकारण सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे. मी आवाज चढवून हे सगळं सांगितलं. भाऊ जरा वरमले. गाडी बंद केली.

“दंड कितला शे?”

इथं थाप मारायला हवी होती असं आमच्या ह्यांचं म्हणणं. पण मी अठ्ठावीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेलं. पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये, असं खरं तेच सांगून टाकलं. १९६० साली कायदा करणाऱ्यांना ५० रुपये ही जबर रक्कम वाटली असेल. तेव्हा होतीही. भाऊंनी शर्टाच्या खिशातून घामानं ओली झालेली पन्नासाची नोट काढली.

“पन्नास ना? ल्या. पन खोकं द्या.”

एव्हाना समोरच्या काकू कुंपणाशी आल्या होत्या. दुपारी तीन वाजता या बाई कधीच जाग्या नसतात. चोर आले तरी पाचनंतर या म्हणतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला, “देऊन टाका ना मॅडम. लग्नाचं काम आहे. एका खोक्यासाठी कशाला तोंड वाजवायचं?” वरच्या मजल्यावरच्या वहिनींनीही खिडकीतून मान डोलावली. पिल्लांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. खोकं मी दिलं. भाऊंनी ते उलटं करून झटकलं, मागच्या सीटला दोरीनं नीट बांधलं, चारही कोपरे दाबून पाहिले. पिल्लं आणताना एवढी बांधाबांध केली असेल असं वाटत नाही. मग हात जोडून म्हणाले, “बठ्ठं पुन्य तुमले ताई.” म्हणजे सगळं पुण्य मला. आणि गेले. पन्नासची नोटही घेऊन गेले.

हे पुण्याचं वाटप मला आता पाठ झालंय. ज्याला जे नको असतं ते तो मला देतो आणि वर पुण्य मोफत. आपल्याकडे मांजर मारण्याची भीती जबरदस्त. हातून मेलं तर सोन्याचं मांजर घडवून काशीला दान द्यावं लागतं असं आमच्या आजीपासून ऐकत आलो. जळगावात राहून सोन्याचं मांजर घडवणं काही अवघड नाही, सराफा हाकेच्या अंतरावर आहे, काशीची गाडीही भुसावळहून थेट मिळते. अडतं ते सोन्याच्या भावापाशी. म्हणून कुणी मांजर मारत नाही. आणून सोडतात. मेलं तर ते माझ्या अंगणात मेलं, आणि काशीचं तिकीट माझ्या नावावर.

आता या पुण्यात काय काय येतं ते सांगते. दर तीन-चार तासांनी दूध, रात्रीसुद्धा. तेही गाईचं नाही. गाईच्या दुधानं पिल्लांना जुलाब होतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे खेळ खलास. पिल्लांची वेगळी पावडर येते, ती आणावी लागते. पाजताना पिल्लू पालथं धरायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. पाजून झालं की कोमट पाण्यात कापूस भिजवून त्याचा पार्श्वभाग पुसायचा, कारण आईच्या चाटण्याशिवाय या वयाच्या पिल्लांना शी-शू करता येत नाही. ही माहिती मी समोरच्या काकूंना दिली तेव्हा त्यांनी दोन दिवस आमच्याकडचं विरजण नेलं नाही. खानदेशच्या उन्हानं एक उपकार केला: पिल्लांना ऊब द्यायला गरम पाण्याची बाटली लागत नाही. पण कूलरचा झोत त्यांना सोसत नाही, म्हणून कूलर भिंतीकडे तोंड करून ठेवलाय आणि हे गच्चीवर झोपतात. उतरताना रोज सकाळी विचारतात, “आज आपण आत येऊ का?”

गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली माणसं भली, पण केसपेपरवर गाय, बैल, म्हैस, शेळी. माझी चौघं ‘इतर’मध्ये गेली. वजनकाटा बैल उभा राहील एवढा, त्यावर पिल्लू ठेवलं तर काटा शून्यावरून ढळेना. शेवटी बाहेरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर तोललं. पावशेर. त्यानं सवयीनं वर दोन मिरच्या टाकल्या.

खरं पुण्य पुढं असतं, घरं शोधण्यात. दात आले, खिमा खायला लागली, तसा मी फोटो स्टेटसला टाकला आणि फोन सुरू झाले. एकाला निळ्या डोळ्यांचंच हवं. निळेच आहेत, म्हटलं, पण सगळ्याच पिल्लांचे असतात, दीड-दोन महिन्यांनी रंग बदलतो. “मग निळे झाले की सांगा,” म्हणाले. एक ताई घरी आल्या, माहेर भडगावचं, बोलायला गोड. पिल्लू मांडीवर घेतलं, नाव ठरवलं, मग हळूच म्हणाल्या, आमच्याकडे कांदा-लसूणसुद्धा चालत नाही, ही वरणभात खाईल ना? मी म्हटलं, कांदा-लसणाचं तुमचं बरोबर आहे, मांजराला ते विषच. पण मांसाशिवाय तिचं चालत नाही. टॉरिन म्हणून एक द्रव्य असतं, ते तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, मांस-मासळीतून मिळतं. नाही मिळालं तर डोळे जातात, हृदय खचतं. ताईंनी विचार केला. “मग तिनं तिच्या मनानं बाहेर काय ते खाऊन यावं. आम्ही बघणार नाही. शेव चालेल ना, वरून?” मी शेव आणि पिल्लू दोन्हीला नकार दिला. जाताना त्यांनी नाव परत घेतलं.

तीन बोके हातोहात गेले. राहिली ती तिरंगी. काळा, पांढरा, केशरी असे तीन रंग असले की पिल्लू जवळजवळ हमखास मादी असतं. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसतं आणि केशरी-काळा दोन्ही अंगावर उमटायला एक्स दोन लागतात. हे मी फोनवर समजावून सांगते. लोक ऐकून घेतात, किती सुंदर म्हणतात, आणि मग तो प्रश्न येतोच: “पोरगीच आहे का? बोका नाही का एखादा?” ऑपरेशनचा खर्च मी करते म्हटलं तरी, “नाही हो, मुलीचं झंझट कशाला.” २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुली मुलांमागे राज्यात सगळ्यात कमी भरलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आमचं जळगाव होतं. वर्गात मी हे आकडे फळ्यावर लिहायचे, तेव्हा मागच्या बाकावरची पोरं जांभया द्यायची. बहुतेक तीच आता फोन करतात.

तर तिरंगी अजून आहे. शी-शूला माती भरलेल्या डब्यात जाते, चिकन उकडून खाते, रागावली की नाकाचा शेंडा गुलाबी होतो. घर पाहून देईन, महिन्यानं येऊन बघून जाईन, आणि ऑपरेशन होईल म्हणजे होईलच, कानांना हात लावणाऱ्यांनी येऊ नये. फोन दुपारी एक ते चार करू नका. तेव्हा मी झोपलेली असते. ती माझ्या तोंडावर असते, त्यामुळे तसंही बोलता येत नाही.