टॅब-कम्प्लिशन ही चैन आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

टॅब-कम्प्लिशन म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड अर्धवट टाइप करून टॅब दाबला की उरलेला भाग सुचवला जाणं. त्यावरचे तुमचे आक्षेप थोडक्यात असे: हेल्प नीट लिहिली आणि हाताशी कंट्रोल-आर (आधी टाइप केलेल्या कमांड शोधण्याची सोय) असला की टॅब-कम्प्लिशन ही निव्वळ चैन, बॅश, झेडएसएच आणि फिश या शेलसाठी (टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) कम्प्लिशनच्या तीन फायली सांभाळल्या तरी त्या शिळ्या होतातच, आणि बॅशआरसी (बॅश सुरू होताना वाचली जाणारी फाइल) फुगत जाऊन टर्मिनल उघडायला वेळ लागतो. मधला आक्षेप सर्वांत वजनदार, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हाताने लिहिलेली फाइल शिळी होते, यात वादच नाही. नवा फ्लॅग (कमांडपुढे लिहायचा पर्याय) प्रोग्रॅममध्ये येतो, फाइलमध्ये टाकायचा राहून जातो. पण यातून 'कम्प्लिशन नको' असं निघत नाही. 'एकच माहिती दोन ठिकाणी लिहू नका' एवढंच निघतं. गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलची बॅशसाठीची फाइल हातानेच लिहिलेली आहे, तरी २०१८ पासून बऱ्याचशा उपकमांडचे फ्लॅग ती खुद्द गिटलाच विचारते. त्यासाठी गिटमध्ये एक छुपा पर्याय ठेवलाय. गो भाषेतली कोब्रा लायब्ररी याच्याही पुढे जाते, आणि क्यूबसीटीएल, हेल्म (दोन्ही कुबरनेटीस क्लस्टर हाताळणारी), गिटहबचं जीएच ही सगळी टूल तिच्यावरच उभी आहेत. टॅब दाबला की शेलमधली स्क्रिप्ट आतापर्यंत टाइप झालेले शब्द प्रोग्रॅमच्याच एका छुप्या उपकमांडला देते आणि मिळालेली उत्तरं दाखवते. अक्कल सगळी प्रोग्रॅममध्ये, शेलकडची फाइल नुसती निरोप्या. मग शेल तीन असोत की पाच.

हेल्पबद्दल: ती फ्लॅग सांगेल, पण आत्ता क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या मशिनांवर) कोणते पॉड (क्यूबसीटीएलने हाताळायची, चालू प्रोग्रॅमची एककं) चालू आहेत ते नाही सांगणार. त्या नावांच्या शेपटीला चिकटलेली ती अगम्य अक्षरं कोण पाठ करणार? कंट्रोल-आरने सापडतात ती कालची नावं. पॉड आज दुसराच असतो. माझ्या मते कम्प्लिशनची खरी कमाई इथे आहे. दोनच फ्लॅग असलेल्या घरगुती स्क्रिप्टसाठी मीही हा खटाटोप करणार नाही.

टर्मिनल मंदावतं, हे खरं, पण तो दोष बसवण्याच्या पद्धतीचा. 'ही इव्हॅलची ओळ बॅशआरसीत टाका' (म्हणजे प्रोग्रॅम चालवून त्याने छापलेली कम्प्लिशन-स्क्रिप्ट तिथेच अमलात आणणारी ओळ) असं रीडमीत लिहिलं की प्रत्येक नव्या टर्मिनलला तो प्रोग्रॅम उगाच एकदा चालतो. तीच स्क्रिप्ट कमांडच्या नावाने बॅश-कम्प्लिशन या तयार स्क्रिप्टसंचाच्या डिरेक्टरीत ठेवली, तर त्या कमांडपुढे पहिला टॅब दाबेपर्यंत कोणी ती वाचतही नाही. झेडएसएचमध्ये अंडरस्कोअरने सुरू होणारी फाइल एफपाथवरच्या (झेडएसएच फंक्शन शोधतं त्या यादीतल्या) डिरेक्टरीत ठेवली की तिथेही तेच.

प्रोग्रॅमलाच विचारायचं, तर त्याने चटकन उत्तर द्यायला हवं, आणि पायथॉनवाले इथेच अडकतात. आर्गकम्प्लीट ही पायथॉनची कम्प्लिशन-लायब्ररी दर टॅबला प्रोग्रॅम सुरू करते. फाइलच्या डोक्यावरच पांडाससारख्या मोठ्या लायब्ररीचा जड इम्पोर्ट असला तर माणसाला वाटतं टर्मिनल लटकलं. पार्सर (फ्लॅग वाचणारा भाग) आधी, जड इम्पोर्ट नंतर. नेटवर्कवरून यादी आणायची तर ती थोडा वेळ कॅशमध्ये ठेवा. आणि टॅब दाबल्याने काहीही बदलता कामा नये: पासवर्ड विचारायचा नाही, स्क्रीनवर एरर ओतायचे नाहीत.

राहता राहिला तुमचा, टॅब दाबल्यावर 'डीबी:मायग्रेट' या उपकमांडचा 'डीबी:डीबी:मायग्रेट' होण्याचा वैताग. बॅश कोलनलाही शब्दाची हद्द मानतो, म्हणून हे होतं. बॅश-कम्प्लिशनमध्ये कोलनपर्यंतचा भाग छाटणारं तयार फंक्शन आहे, ते उत्तरांच्या यादीवर चालवा. टूल अजून कोणाच्या हाती गेलं नसेल तर त्याहून सोपं म्हणजे उपकमांडच्या नावातला कोलनच काढून टाका.