तेल चढंना!

येळवशीच्या दिवशी औशात दोनच प्रकारची माणसं मागं राहतात. ज्यांना रान नाही ती, आणि ज्यांची गाडी चालू होत नाही ती. आमच्या गल्लीत त्या दिवशी पहिल्या प्रकारात शेजारचे काका होते आणि दुसऱ्यात मी.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. पंचांगात तिला वेळा अमावस्या म्हणतात, पण तसं म्हणणारा माणूस बाहेरचा हे आमच्याकडं लगेच ओळखतात. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी घराला कुलूप घालून सगळे रानात जेवायला जातात. जिल्हाधिकारीसुद्धा स्थानिक सुट्टी जाहीर करून मोकळे होतात, कारण न करून सांगतात कुणाला?

आमचं रान बारा किलोमीटरवर. न्यायला वडिलांनी घेतलेली 2003 सालची पिकअप. सकाळी आठला ती भरून तयार होती. हौद्यात भज्जीचं पातेलं, बाजरीच्या उंड्यांची दुरडी, खीर, सतरंज्या, आत्या आणि तीन पोरं. केबिनमध्ये आई, आणि तिच्या शेजारी मांडीवर आंबिलीची बिंदगी धरून बायको. बिंदगी मातीची, आंबील काठोकाठ, त्यामुळं बायको त्या दिवशी श्वाससुद्धा बेतानं घेत होती.

"नारळाची पिशवी घेतलीस का रे?" आईनं विचारलं. "विसरायला नको म्हणून मी रात्रीच गाडीत अडकवून ठेवलीय."

"आहे इथंच," मी म्हणालो. खरंच होती. स्टिअरिंगखाली लोंबत होती आणि क्लच दाबला की माझ्या गुडघ्याला लागत होती.

चावी फिरवली. टक्. बस्स, एवढंच.

नुसतं टक् म्हणजे आधी बॅटरी बघायची, एवढं मला कळतं. बॉनेट उचललं तर टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी फुललेली. थंडीनं बॅटरी तशीही आखडते, त्यात हा थर. बंबात आंघोळीचं कढत पाणी उरलं होतं, ते ओतलं. थर विरघळून गेला. दहाच्या पान्यानं नट आवळला, आणि बायकोकडं एक नजर टाकली. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी अशा वेळी बायकोनं बघावं असं वाटतंच. ती बिंदगीकडं बघत होती.

पुन्हा चावी. घुर्र, घुर्र, घुर्र, घुर्र. सेल्फ, म्हणजे स्टार्टर, झकास फिरत होता, पण इंजिन काही धरत नव्हतं.

इथं काका आले. काका तहसीलमधून निवृत्त. रान विकून त्यांनी प्लॉट घेतला, तेव्हापासून येळवशीला त्यांना करमत नाही. मफलर गुंडाळून त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि निकाल दिला, "प्लग काढ. प्लगला कचरा आलाय."

"काका, हे डिझेल आहे. याला प्लग नसतो."

"नसतो कसा? मग पेटतं कशानं?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. इंजिन चालू होत नसताना शिकवू नये, पण सवय वाईट. मी सांगितलं की सिलिंडरमध्ये हवा दाबून साधारण विसाव्या हिश्श्यावर आणतात, एवढी दाबली की ती पाचशे अंशांच्या पुढं तापते, मग त्यात डिझेल फवारलं की ते आपलं आपण पेटतं. ठिणगी लागत नाही.

काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "आणि इंजिन असं गारठलेलं असलं तर?"

प्रश्न चांगला होता. माझ्या वर्गात इतका चांगला प्रश्न गेल्या दहा वर्षांत कुणी विचारलेला नाही. "तर आतला लोखंड-बिडाचा गोळा ती उष्णता खाऊन टाकतो," मी म्हणालो, "म्हणून आधी हीटर द्यायचा. हीटर प्लग असतात त्याला."

"म्हणजे प्लग असतोच की!" काका म्हणाले, आणि पुढचा तासभर हे वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. सुदैवानं येणारं-जाणारं कुणी नव्हतं.

हीटर दिला. हौद्यातली पोरं वीसपर्यंत मोजायला लागली, अग्निबाण सोडताना मोजतात तशी, फक्त सरळ. वीसला चावी फिरवली. घुर्र, घुर्र. पोरांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली.

शेवटी मिस्त्रींना फोन लावला. ते अर्थातच स्वतःच्या रानात. मागून "ओलगे ओलगे" असा गलका ऐकू येत होता, म्हणजे त्यांच्याकडं आंबील शिंपडायलासुद्धा लागले होते.

"सर, धूर कसला निघतोय?"

"कसलाच नाही."

"पांढराबी नाही?"

"नाही."

"मग तेलच चढंना. पांढरा निघाला असता तर म्हणलो असतो की तेल जातंय पण पेटंना. फिल्टर बघा. खालचा स्क्रू ढिला करा, पाणी असलं तर निघंल."

मी स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला. तो बायकोचा आवडता पेला होता, हे मला नंतर कळलं. स्क्रू ढिला केला तर खाली खरंच पाणी साचलेलं. पाव पेला तरी असेल. या लातूर जिल्ह्यात 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, आणि आमच्या फिल्टरनं मात्र स्वतःचा साठा करून ठेवलेला. आई म्हणाली, "अरे, तेवढं झाडाला तरी घाल."

पाणी काढलं खरं, पण काढताना मी फिल्टरमध्ये हवा घेतली. डिझेलच्या गाडीनं हवा धरली की पंप तेल ओढायचं सोडून हवाच चघळत बसतो. म्हणजे एक बिघाड शोधता शोधता मी पदरचा दुसरा घातला होता. मग फिल्टरवरचा बोल्ट सैल करून हातपंप मारायला बसलो. आधी नुसती फुसफुस, मग बुडबुडे, मग फेस, आणि चांगले शंभर दाब झाल्यावर बिनबुडबुड्याचं डिझेल थेट माझ्या सणाच्या शर्टावर. बोल्ट आवळला. चावी फिरवली. घुर्र.

पुन्हा फोन. आता रेंज जाऊन-येऊन होती.

"सर... स्टॉ...र बघितला का... स्टॉ...र... तोच असंल..."

"स्टार्टर?"

"हां, हां, तोच..." आणि फोन कटला.

सेल्फ तर सकाळपासून बैलासारखा राबत होता. पण मिस्त्रींचा शब्द. मी गाडीखाली शिरलो आणि सेल्फला पान्यानं चार ठोके दिले. तिथं काय झालं असेल ते असो, त्यानंतर चावी फिरवली की घुर्रच्या जागी गुर्र, मग गुं, मग टक्. बॅटरी उतरली. हॉर्न दाबला तर त्यानं नुसता सुस्कारा टाकला.

"बैल होते तेव्हा असं नव्हतं," आत्या हौद्यातून म्हणाली. यावर तोडगा नव्हता. आमच्या बैलांना हीटर कधीच द्यावा लागला नव्हता.

अकराच्या सुमाराला देव पावला. ट्रॉलीत वीसेक माणसं भरलेला एक ट्रॅक्टर चौकातून वळला. चालवणाऱ्या गड्यानं आमची अवस्था बघून न विचारताच ओढायचा सोल, म्हणजे जाड दोर, काढला. "दुसरा गिअर घाला, चावी चालू ठेवा, जरा वेग आला की क्लच सोडा," म्हणाला. आमची वरात किल्ल्याच्या दिशेनं निघाली. क्लच सोडला, गाडीनं दोन आचके दिले, बिंदगीतून घोटभर आंबील बायकोच्या पदरावर आली. इंजिन गप्प. पुन्हा एक फेरी, पुन्हा आचके, पुन्हा आंबील. बायको काहीच बोलली नाही, आणि ते आचक्यांपेक्षा वाईट होतं.

तेवढ्यात ट्रॉलीतली एक म्हातारी ओरडली, "गाडीला नारळ फोडला का सकाळी?"

आईचा चेहरा पडला. "आगं बया, राहिलाच की!" ती माझ्या पुढ्यातून वाकली आणि स्टिअरिंगखालची पिशवी तिनं काढून घेतली.

पिशवी निघाली तसं टुक् करून काहीतरी आत गेलं. मी खाली बघितलं. पिशवी ज्याला अडकवली होती तो खुंटा नव्हता. जुन्या डिझेल गाडीला इंजिन बंद करायला एक दांडी ओढावी लागते. ती ओढली की पंपातून तेल जाणं थांबतं. तो स्टॉपर. रात्रभर दोन नारळ, चुन्याची पुडी आणि हळदीकुंकवाचा डबा त्याला लोंबकळत होते.

स्टॉ...र.

आईनं बंपरवर नारळ फोडला. सोल पुन्हा ताणला. मी क्लच सोडला आणि धाड्-धाड्-धाड् करत इंजिन उठलं. आधी पांढरा धूर, मग काळा. ट्रॉलीतून "हर हर महादेव" झालं. म्हातारीनं लांबूनच हात जोडले. काका म्हणाले, "बघ, विज्ञान एका बाजूला."

मी काय बोलणार? एका अर्थानं नारळानंच गाडी चालू केली होती.

रानात पोचायला एक वाजला. कडब्याच्या कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडलेले असतात, त्यांना चुना लावला, उरलेला नारळ तिथं फोडला. बॅटरी उतरलेली असल्यानं गाडी बांधावर चालूच ठेवली होती. तिच्या धडधडाटात आम्ही ओरडून ओरडून भज्जी मागत होतो आणि भलत्याच माणसाच्या ताटात खीर पडत होती.

जेवणं उरकली. मी कोपीच्या सावलीत आडवा झालो. आईनं पोरांकडून पेरू आणि बोरं जमवली होती, ती पिशवीत भरून ती बांधाकडं गेली. मला डुलकी लागत होती.

एकदम सगळीकडं शांत झालं. इतकं, की ज्वारीवरची पाखरं ऐकू यायला लागली.

"बरं केलंस बंद केलीस ते," आई परत येत म्हणाली, "कान किटले होते. आणि पिशवी मी गाडीत अडकवलीय बरं का, विसरायला नको."