उचल फिटेपर्यंत

दरवर्षी ३० जुलैला, मानवी तस्करीविरोधी दिनी, साखळदंडात जखडलेल्या हातांची चित्रे मोबाइलवर फिरू लागतात. त्यांना माझी हरकत नाही. पण ज्याच्या हातात बेडी नसते आणि तरीही ज्याला गावी परतता येत नाही, तो माणूस त्या चित्रांत कुठेच नसतो. आमच्या सांगलीकडे तो ऊसतोडीच्या दर हंगामाला आमच्याच रानात उभा असतो.

गेल्या हंगामात आमचा ऊस तोडायला बीडकडची टोळी आली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा, हिशेब त्या कोयत्याचा, बाईच्या नावे वेगळी नोंद नाही. दोघांपैकी एक आजारी पडला तर खाडा, आणि खाड्याची रक्कम पुन्हा अंगावरच्या उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेत, चढवायची. एका रात्री अकराच्या सुमारास ट्रॉली भरताना एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत होती, अंगात ताप होता, आणि तिचे मूल पाचटावर गोधडीत झोपले होते. मी "आज थांबा की" म्हटले, तर ती म्हणाली, "थांबून कसं भागंल दादा, उचल फिटंना." मी एन्ट्री आणि खुशाली, म्हणजे ऊस तोडणाऱ्या-वाहणाऱ्यांना शेतकऱ्याने द्यायचे वरचे पैसे, देऊन मोकळा झालो होतो, हेही इथे लिहिले पाहिजे.

राज्यघटनेचे कलम २३ माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींना एकाच दमात मनाई करते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर आगाऊ रकमेपोटी काम सोडण्याचे किंवा दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य गमावणे, एवढ्यालाही वेठबिगार मानले आहे; मारहाण झालीच पाहिजे, असे त्यात कुठेही नाही. असे कर्ज कायद्यानेच संपते, आणि ते वेठबिगारीचे नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नव्हे, तर पैसे देणाऱ्यावर असते. माझ्या मते सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच कोणी सांगत नाही.

दुसरी बाजूही खरी आहे. उचल घेऊन मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, फिरकलाच नाही, म्हणून कर्जात बुडालेले ऊसवाहतुकीचे वाहनमालक आमच्या भावकीतही आहेत, आणि त्यांचा संताप मला समजतो. त्यासाठी पोलिसांत फसवणुकीची तक्रार आहे, दिवाणी दावा आहे. मजुराच्या बायकापोरांना डांबून ठेवणे ही वसुली नव्हे, तो गुन्हा आहे. तसे कुठे दिसले, तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवता येते, कारण सुटका आणि पुनर्वसनाची जबाबदारी कायद्याने जिल्हा प्रशासनावर टाकली आहे.

यंदा टोळी रानात उतरण्याआधी मी मुकादमाला विचारले की, प्रत्येक कोयत्यावर किती उचल आहे आणि त्यातली किती फिटली, हे त्या माणसांना लिहून दिले आहे का. तो हसला आणि म्हणाला, "मालक, हिशेब पट्टा पडल्यावर." म्हणजे हंगाम संपल्यावर.