पुणे ते चिपी वीस मिनिटांत? हिशेब तपासू या

गणपती जवळ आले की कोकणवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'पुणे ते सिंधुदुर्ग हवाई अंतर 290 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900. म्हणजे वीस मिनिटांचं काम, आणि तिकिटावर वेळ तासाच्या वर! ही निव्वळ लूट आहे. त्यापेक्षा आपली गाडी बरी.'

यातलं अंतर बरोबर आहे. लोहगाव (पुण्याचा विमानतळ) ते चिपी (सिंधुदुर्गचा विमानतळ) सरळ रेषेत 290 किलोमीटरच्या आसपासच भरतं. चूक पुढे आहे.

आधी वेग. चिपीला येतं ते एटीआर 72, पंख्याचं, सत्तरेक सीटचं विमान. त्याचा जास्तीत जास्त वेगच ताशी 500 किलोमीटरच्या आसपास. कमी अंतराला इंधन कमी पितं, म्हणून छोट्या विमानतळांना तेच परवडतं. बरं, मोठं जेट आणलं तरी वीस मिनिटांचा हिशेब जमत नाही. दहा हजार फुटांखाली 250 नॉटची, म्हणजे ताशी साधारण 460 किलोमीटरची मर्यादा असते. शिवाय तीस हजार फुटांवरून उतरायला सुमारे पावणेदोनशे किलोमीटर लागतात. चढायलाही जवळपास तेवढेच. 290 किलोमीटरमध्ये 900चा वेग गाठायला जागाच कुठे उरते?

'सरळ रेषेत' हाही कागदावरचाच हिशेब. चिपी पुण्याच्या दक्षिणेला, पण दोन्हीकडच्या धावपट्ट्या पूर्व-पश्चिम. म्हणजे उड्डाण करून वळायचं, ठरलेल्या हवाई मार्गाने जायचं आणि शेवटी पुन्हा वळून चिपीच्या सड्यावरच्या, म्हणजे पठारावरच्या, त्या अडीच किलोमीटरच्या पट्टीसमोर यायचं. उतरायच्या आधीच्या टप्प्यात एटीआरचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात असतो. हे वाढीव किलोमीटर आणि हा मंदावलेला वेग मेसेजमध्ये कुठेच धरलेला नाही.

आता तिकिटावरचा वेळ. तो हवेतला वेळ नसतोच. विमान जागेवरून हललं तिथपासून मुक्कामी जागेवर थांबलं तिथपर्यंतचा तो वेळ. लोहगाव हा हवाई दलाचा तळ, नागरी विमानंही तीच धावपट्टी वापरतात, त्यामुळे रांगेत थांबावं लागतं. उशीर भरून काढायला कंपन्या चार मिनिटं जास्त धरतात हेही खरं, पण भाडं मिनिटांवर ठरत नाही. मग लूट कसली?

राहिली गाडी. पुण्याहून कोल्हापूरमार्गे कुडाळ पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. करूळ घाट घ्या, फोंडा घ्या नाहीतर आंबोली, सात-आठ तास जातातच. पावसात दरड आली की विचारूच नका. विमानाला घरापासून घरापर्यंत चार-पाच तास धरा, कारण लोहगावला आधी पोचावं लागतं आणि चिपीहून पुढे कुडाळ-मालवण पुन्हा रस्त्यानेच. चौघांचं कुटुंब सामानासकट निघालं तर गाडी स्वस्त पडेल, आणि त्या कारणासाठी ती जरूर निवडावी. धो धो पावसात ढग खाली आले की विमानही रखडतं, हेही धरून चाला. पण आजारी आईला भेटायला एकट्याने निघालेल्या माणसाला 'विमानात काही वाचत नाही' असं सांगणारा मेसेज पाठवू नका. त्याचे तीन तास खरोखर वाचतात.