स्पोर्ट्स कार क्लबची इनोव्हा

आमच्या स्पोर्ट्स कार क्लबात मी इनोव्हा चालवतो.

माझी स्वतःची दोन दारांची, जमिनीला नाक लावून उभी राहणारी गाडी आहे. वर्गणीही मी इतरांइतकीच भरतो. पण क्लबच्या प्रत्येक सहलीत सगळ्यांच्या मागे एक अशी गाडी लागते, जिच्यात सामान मावतं, जी कुठल्याही स्पीडब्रेकरवरून जाते आणि जिला धक्का मारायची वेळ येत नाही. या तिन्ही अटी पुऱ्या करणारी गाडी अख्ख्या क्लबात कुणाकडे नाही. ती निघाली माझ्या मेहुण्याकडे, आणि मेहुणा ती माझ्याशिवाय कुणाच्या हाती देत नाही. तेव्हापासून मी क्लबचं शेपूट. वॉकीटॉकीवर मला अधिकृत हाकही 'शेपूट' अशीच मारतात.

सहल ठरते ती बहुधा पुणे-महाबळेश्वर. साधारण 120 किलोमीटर. पोरांना घेऊन जाणारा कुठलाही गृहस्थ हे अंतर तीन-साडेतीन तासांत कापतो. आमच्या गाड्या शून्यापासून शंभराचा वेग चार-पाच सेकंदांत गाठतात, म्हणून आम्हाला साडेपाच तास लागतात.

कारण स्पीडब्रेकर. आदल्या रविवारी मी रस्ता बघून येतो, म्हणजे देखावे नाही, स्पीडब्रेकर बघून येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानुसार गोलाकार स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, 25 च्या वेगाने आरामात ओलांडता येईल असा. असा स्पीडब्रेकर भेटला तर आमची माणसं त्याला नमस्कार करतील. प्रत्यक्षात गावच्या शाळेपुढे जो असतो तो मीटरभर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच, म्हणजे डांबराचा बांधच.

आता हिशेब बघा. स्पोर्ट्स कारचं पोट जमिनीपासून अकरा ते तेरा सेंटिमीटरवर. पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटरच्या आतबाहेर अंतर. मीटरभराचा बांध त्या दोन चाकांच्या मध्ये आख्खा मावतो, आणि पंधरातून बारा गेले की तीन सेंटिमीटर गाडी त्यावर बसते. "माझ्या गाडीला नोज लिफ्ट आहे," असं कुणीतरी ऐटीत सांगतो. बटण दाबलं की नाक चार सेंटिमीटर वर येतं, खरंय. पण मागची चाकं जागेवरच असतात, त्यामुळे पोटाच्या वाट्याला त्यातले दोनच येतात. बारा अधिक दोन, चौदा. बांध पंधराचा. नोज लिफ्ट बंपर वाचवायला, चढाच्या सुरुवातीला कामाची. पोटाचं दुखणं तिने बरं होत नाही.

उपाय म्हणजे तिरकं जाणं. एका वेळी एकच चाक चढवायचं, तीस-चाळीस अंशांच्या कोनात, ब्रेक न लावता. ब्रेक लावला की नाक खाली जातं आणि जे वाचवायचं तेच आपटतं. तिरकं जायचं तर समोरच्याची अर्धी बाजू लागते, आणि समोरून त्याच क्षणी एसटी येते. ड्रायव्हर काच खाली करून सगळा सोहळा शांतपणे बघतो. त्याच्या मागचे तेवढ्या शांतपणे बघत नाहीत. तरीही घासत असेल तर शेजारी बसलेल्याला उतरवायचं. माणूस उतरला की स्प्रिंगा थोड्या सैल होतात, गाडी जेमतेम अर्धा सेंटिमीटर वर येते, आणि त्या अर्ध्या सेंटिमीटरसाठी नव्या नवरीला भर गावात चालत स्पीडब्रेकर ओलांडावा लागतो. नवा रस्ता असेल तर एक खूण लक्षात ठेवा: बांधाच्या माथ्यावर पांढरट ओरखडे दिसले तर तुमच्या आधी कुणीतरी परीक्षा देऊन नापास झालेला आहे.

एवढं करून जमलं नाही तर इनोव्हातून फळ्या निघतात. चार फळ्या, प्रत्येकी तीन फूट लांब, दहा इंच रुंद, दीड इंच जाड. प्लायवूडच्या नकोत, भिजल्या की फुगतात. दोन बांधाच्या अलीकडे, दोन पलीकडे. चाकं फळीवर असताना पोट जवळजवळ चार सेंटिमीटर उंच जातं आणि गाडी अलगद पार होते. मग फळ्या उचलायच्या, पुढच्या गाडीला मांडायच्या. आठ गाड्या, एक बांध, वीस मिनिटं. तोवर गावातली पोरं फळी धरायला शिकलेली असतात.

फळ्यांखेरीज इनोव्हात काय असतं ते विचारू नका, मी सांगतोच. 12 व्होल्टचा हवा भरायचा पंप. पंक्चर काढायच्या पट्ट्यांचा संच. गाडी ओढायचा पट्टा. दोन लिटर कूलंट. लाल त्रिकोण. आणि लांब केबल टायचं पाकीट, हे सगळ्यांत महत्त्वाचं. स्पीडब्रेकरने गाडीचं इंजिन बिघडत नाही, पोटाखालचा प्लास्टिकचा ट्रे सुटतो आणि रस्त्यावर फरफटत असा आवाज करतो की मालकाला वाटतं गेलं सगळं. दोन केबल टाय, पाच मिनिटं. कोटीची गाडी दहा रुपयांत रस्त्याला लागते, आणि मालक पुढचे चार महिने ते टाय तसेच ठेवतो.

निघायची वेळ साडेपाच. याचा अर्थ सव्वासातला. टायरची हवा मात्र घरूनच तपासून यायला मी बजावतो, कारण दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे निदान तीन तास उभा असलेला. कात्रजपर्यंत पळवून आणलेल्या टायरमध्ये हवा तीन-चार पीएसआयने वाढलेली दिसते. ती जास्त झाली म्हणून एखादा सोडतो, आणि गार झाल्यावर टायर मऊ पडतो. आमच्या टायरची भिंत बोटभर उंचीची. मऊ टायर खड्ड्यात गेला की रिम थेट डांबराला भेटते. मग भिंतीला लिंबाएवढा फुगा येतो. त्यावर इलाज नाही, टायर बदलायचा. स्टेपनी? स्टेपनी नसते. तिच्या जागी कंपनीने गोंदाची बाटली दिलेली असते. ती खिळ्याच्या भोकाला चालते, भिंतीच्या चिरेला नाही. ती भरल्यावर 80 च्या वर जायचं नाही आणि बाटलीला मुदत असते, जी संपलेली असते. चाक काढायची वेळ आलीच तर चोरीच्या भीतीने बसवलेल्या खास नटाची चावी लागते. ती घरी, चपलांच्या कपाटात.

मग ताफा सुटतो. इथे लोकांची एक गैरसमजूत आहे की आठ गाड्या म्हणजे आठ गाड्या. 80 च्या वेगाने दोन सेकंदांचं अंतर राखलं तर दोन गाड्यांत 44 मीटर लागतात. आठ गाड्यांचा ताफा साडेतीनशे मीटर लांब होतो. त्यात तीन टेम्पो, एक दूधवाला आणि एक वरातीची बस शिरणारच. पुढचा 80 ने चालला की मागचा प्रत्येक जण पडलेलं अंतर भरून काढायला थोडा जास्त पळतो, त्याच्या मागचा आणखी थोडा. शेपटीला मेहुण्याची इनोव्हा शंभराला भिडते. म्हणून पुढच्याने 70 धरावेत, हा माझा आग्रह. पुढच्याचा स्वभाव वेगळा असतो. म्हणून तर तो पुढे असतो. टोलनाक्यावर आठांपैकी एकाच्या फास्टॅगमध्ये पैसे नसतात, तेव्हा जमायची जागा नाक्यानंतर दोन किलोमीटरवरचा पेट्रोलपंप अशी ठरवून ठेवायची. रस्त्याच्या कडेला कधीही नाही.

वॉकीटॉकीबद्दल एक सांगतो. घाटात फोनची रेंज जाते म्हणून ते लागतातच. पण ही यंत्रं मराठीसाठी बनवलेली नाहीत. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि घाईतला माणूस शेवटचा शब्द तोंडात असतानाच बटण सोडतो. "पुढे डावीकडे वळू नका" हे वाक्य मागच्यांना "पुढे डावीकडे वळू" एवढंच ऐकू येतं, आणि तीन गाड्या उसाच्या शेतात. म्हणून आमच्यात नियम आहे: काय करायचं तेवढंच सांगा. "सरळ." संपलं.

सुरूर फाट्यावरून वाईकडे वळलं की जुने वड लागतात, आणि वाईत नाश्ता. मिसळ येईपर्यंत गाड्यांभोवती गर्दी जमते. प्रश्न दोनच. केवढ्याला पडली, या प्रश्नाला आमचे लोक हसून टाळतात. ॲव्हरेज किती देते, हे टाळता येत नाही. खरं उत्तर घाटात पाच. ते ऐकल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा कळवळतो. "मेकॅनिकला दाखवलं का?" तो इतक्या मनापासून विचारतो की मालक "दाखवतो" म्हणून मोकळा होतो.

वाईहून शाहीर साबळ्यांच्या पसरणीचा घाट. खाली धोमचं पाणी, वर पाचगणी, मध्ये बाराएक किलोमीटर वळणं. हा सगळा खटाटोप ज्या वळणांसाठी. शनिवारी सकाळी त्यावर मुंबईच्या टॅक्सींपासून शाळेच्या सहलीपर्यंत सगळं मुंगीच्या पावलांनी सरकत असतं. इथे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्यांची कसोटी. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी धरून ठेवली की क्लच अर्धवट लागलेला राहतो, घासतो, तापतो आणि डॅशबोर्डवर लाल सूचना येते. बरोबर पद्धत अशी: ब्रेक लावून थांबायचं, पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यायची आणि मग एका दमात जायचं. पद्धत बिनचूक आहे. फक्त ती दोन गाड्यांची जागा मोकळी झाल्याच्या पुढच्या सेकंदाला तिथे एक स्कूटर, एक ओम्नी आणि मक्याची कणसं विकणारा आलेला असतो.

उतरताना उलटं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनाला रोखू द्या; ब्रेक सारखा चाटत ठेवू नका, जरा जोरात दाबा आणि पूर्ण सोडा. हे मी दर वेळी सांगतो. ब्रेकच्या तेलाला हवेतला ओलावा ओढायची सवय असते. डॉट 4 जातीचं नवं तेल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी प्यायलेलं 155 ला उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ, वाफ दाबली जाते, आणि पेडल पायाखाली स्पंजासारखं जातं. तेल दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या गाड्या वर्षाला दोन हजार किलोमीटर चालतात, त्यामुळे "अजून नवीच आहे" म्हणून कुणी बदलत नाही. ओलावा किलोमीटर मोजत नाही.

सहलींखेरीज क्लब वर्षातून एकदा वेळ-अंतराची रॅलीही घेतो. ठरलेली सरासरी राखायची, समजा 36 किलोमीटर. म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर. उशीर झाला तर दंड, लवकर पोहोचलात तर त्याहून मोठा. लवकर पोहोचण्यासाठीच ज्यांनी पैसे मोजले, त्यांना हा खेळ का आवडावा? जिंकतं कोण, तर बाजूला बायको आणि मांडीवर कॅल्क्युलेटर घेऊन आलेले एक निवृत्त काका, जुन्या स्विफ्टमध्ये. सुरुवातीलाच मोजलेल्या दहा किलोमीटरवर स्वतःच्या मीटरची चूक काढायची असते; ती त्यांनी एकट्यानेच काढलेली असते.

परतीला खरी अडचण सुरू होते. स्ट्रॉबेरी. आमच्या गाड्यांची डिकी पुढे, सव्वाशे-दीडशे लिटरची, त्यात दोन बॅगा बसवायला आधी दोघांना भांडावं लागतं. दोन किलोंचा खोका ठेवायला जागा नाही; आणि इंजिन मागे असलेल्या गाडीत सीटच्या पाठी ठेवला तर वाईला पोहोचेपर्यंत जॅम होतो. खोके इनोव्हात येतात. खोक्यांना जागा करायला इनोव्हातल्या बॅगा मागच्या सीटवर येतात. मग कुणाची आई, जिला येताना त्या खोल सीटमधून उठवायला दोघे लागले होते, ती "मी जरा याच्यात बसते" म्हणते. तिच्या सोबतीला सूनबाई. मग ज्या पोराला घाटात मळमळलं ते. पाचगणी सोडताना सात गाड्यांत सात नवरे एकेकटे, स्टिअरिंग धरून सरळ बसलेले, आणि माझ्याकडे मधल्या रांगेत चौघं, मागे बॅगा, मांडीवर खोके, एसी पूर्ण, चिक्की फिरतेय.

पसरणी अर्धा उतरल्यावर वॉकीटॉकी खरखरतो. आठव्या गाडीतून. "शेपूट, हिची कंबर धरलीये, म्हणते इनोव्हातच बसते. जागा आहे का?"

मी बटण दाबतो. "जागा नाही" म्हणतो. चिक्कीने चिकट झालेला अंगठा एक शब्द आधी सुटतो.

पुढची गाडी इंडिकेटर देऊन कडेला घेते.