वार संपला, जाळ विझेना

काल रात्री पावणेबाराला ऑनलाइन गेममधली आमची रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून एका बॉसशी करायची लढाई, बोंबलली. बॉसचा जीव शेवटच्या ४ टक्क्यांवर होता. तीन आठवडे आम्ही आठ जण जेवणं उरकून रोज रात्री बसतोय. मी सांगलीच्या विश्रामबागेत, टँक (पुढं उभा राहून मार झेलणारा) विट्याचा, हीलर (बाकीच्यांचा जीव भरून काढणारी) पलूसची, बाकीचे मिरज-कुपवाडचे. चार टक्के म्हणजे फार तर वीस सेकंदांचं काम. आणि त्या वीस सेकंदांची वाट लागली ती एका सोनेरी कमळामुळं.

हीलरचा मोठा स्किल पडला की टँकच्या पायाखाली हे कमळ फुलतं. हीलिंग एका झटक्यात मिळून जातं. मी सेकंदाला साठ फ्रेमचं रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढं ढकलत बघितलंय, तिसाव्या फ्रेमला हेल्थचा पट्टा भरलेला असतो. म्हणजे अर्धा सेकंद. स्किलचं काम संपलं. पण कमळ पुढं सहा सेकंद तिथंच! पाकळ्या गरगर फिरतायत, वर सोन्याची भुकटी उडतेय. नेमका त्याच्याच खाली बॉसनं लाल गोल टाकला. तो गोल भरायच्या आत, म्हणजे दोन सेकंदांत, तिथून बाहेर पडायचं असतं. सोन्याच्या लखलखाटाखाली लाल रंग दिसणार कसा? टँक जागचा हलला नाही. तो पडला आणि त्याच्यामागं आम्ही सगळे.

वर हीलरनंच सगळ्यांची माफी मागितली. तिथं माझं डोकं सटकलं. तिनं अगदी वेळेवर हील दिलं होतं. माफी तिनं का मागायची?

दिसायला भारी म्हणून इफेक्ट मोठा करा, माझी हरकत नाही. तलवार फिरली की ठिणग्या उडायलाच पाहिजेत, मजा त्यातच आहे. पण वार संपला की इफेक्ट संपला पाहिजे. लढाईत इफेक्ट म्हणजे माहिती असते. आग दिसली की माणूस बाजूला होतो. आमच्या गेममध्ये आगीच्या गोलाचं डॅमेज थांबल्यावरही ज्वाळा तीन सेकंद तशाच नाचत राहतात. भाजणारी आग आणि न भाजणारी आग, दोन्हींचा रंग तोच आणि उंची तीच. मग मी ठरवायचं कशावरून? दहा वेळा जिला घाबरून बाजूला झालो ती मेलेली आग निघाली, म्हणून अकराव्या वेळी आत पाय टाकला, आणि ती नेमकी जिवंत होती. बॉसनं हरवलं तर मान खाली घालीन. हे हरणं मला मान्य नाही.

लहानपणापासून दसऱ्याला मी कवठे एकंदला जातोय. सिद्धराज महाराजांची पालखी निघते, रात्रभर शोभेचं दारूकाम चालतं, औटांच्या धुरात शेजारी उभा माणूस दिसत नाही, डोळ्यांतनं पाणी येतं. त्या धुराबद्दल कधी तक्रार केली नाही. दारू जळाली तर धूर होणारच आणि तो जायला वारा लागणारच. पण स्क्रीनवरच्या धुराला कुठला वारा पाहिजे? तो किती वेळ राहायचा हे कुणीतरी खुर्चीत बसून आकडा टाकून ठरवलेलं असतं.

खरंच एक आकडा असतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला मी युनिटीत, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, थोडं काम केलंय. तिथं नवीन पार्टिकल सिस्टीम (धूर, ठिणग्या असले कण उडवणारी) टाकली की प्रत्येक कणाचं आयुष्य, म्हणजे स्टार्ट लाइफटाइम, आपोआप ५ सेकंद धरलेलं असतं. पाचचं अर्धा करायचं तर एक चौकट, एक आकडा. आमचा गेम कशात बनवलाय मला ठाऊक नाही, पण असा आकडा त्यातही कुठंतरी आहेच. सहा सेकंदांचं कमळ देवानं पाठवलेलं नाही.

आणि नुसतं दिसण्यावर भागत नाही, मशीनही मरतं. गेम ६० एफपीएसवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमवर, चालायचा तर एक फ्रेम काढायला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. भिंतीमागं लपलेली वस्तू ग्राफिक्स कार्ड काढतच नाही, ते काम वाचतं. धूर, प्रकाश, पाकळ्या या मात्र अर्धवट पारदर्शक, त्यांच्यामागचंही दिसलं पाहिजे. त्यामुळं प्रत्येक थर काढून खालच्या रंगात मिसळावा लागतो. आठ जणांचे वार, त्यात आधीच्या वारांचे न गेलेले थर, म्हणजे पडद्याचा तोच ठिपका एका फ्रेममध्ये वीस-वीस वेळा रंगवायचा. याला ओव्हरड्रॉ म्हणतात. आपण कॅमेरा जवळ नेला की तोच धूर अख्खा पडदा व्यापतो आणि ओझं आणखी वाढतं. गावात फिरताना माझा लॅपटॉप ५५-६० देतो, बॉसच्या शेवटच्या टप्प्यात १८ वर येतो. एप्रिलचा उकाडा, खाली कूलिंग पॅड, तरी कीबोर्डवर बोट ठेववत नाही. ज्या क्षणी हात सगळ्यात चपळ पाहिजे, त्याच क्षणी चित्र अडखळतं. तेही संपलेले वार रंगवत बसल्यामुळं!

तक्रार टाकली तर उत्तर आलं, ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. केला. इफेक्ट क्वालिटी कमी करा. केली. आयला, कमळ तेवढ्याच आकाराचं, तेवढेच सहा सेकंद, फक्त पाकळ्यांच्या कडा धुरकट झाल्या. म्हणजे आता खालचं दिसत नाहीच, वरचंही धड दिसत नाही.

हे कुणाला जमतच नाही असं नाही. २०१३ पासून चालू असलेल्या फायनल फँटसी फोर्टीन या ऑनलाइन गेममध्ये स्वतःचे इफेक्ट, पार्टीचे इफेक्ट आणि बाकीच्यांचे इफेक्ट यांची सेटिंग वेगवेगळी आहे. प्रत्येकाला सगळे, थोडे किंवा अजिबात नाही असं निवडता येतं. गिल्ड वॉर्स टू मध्ये गर्दी झाली की इफेक्टचा तपशील कमी करणारा पर्याय आहे. आमच्याकडं असा पर्याय का येत नाही याचं कारण मला दुकानाच्या पानावर दिसतं. ७९९ रुपयांचा पंखांचा स्किन, म्हणजे आपल्या खेळाडूचा नवा वेश, घेतला की प्रत्येक वारामागं निळ्या पिसांची रांग राहते. ती रांग इतरांना दिसते म्हणूनच लोक घेतात. लपवायचं बटण दिलं तर घेणार कोण? म्हणजे कुणीतरी ७९९ भरले, त्याची किंमत माझ्या डोळ्यांनी चुकवायची.

अडकलेले इफेक्ट तर वेगळंच दुखणं. जो इफेक्ट बंद कर म्हणेपर्यंत चालत राहतो, तो टाकणाऱ्याचं नेट मध्येच गेलं की तो ‘बंद कर’ आमच्यापर्यंत पोचतच नाही. सोमवारी माझ्या पायाशी बर्फाचा निळा फेरा असाच अडकला. टाकणारा केव्हाच निघून गेला होता. अख्खा डंजन, म्हणजे राक्षसांनी भरलेलं भुयार, मी तो फेरा ओढत फिरलो आणि शेवटी लॉगआउट करून परत आलो तेव्हा तो गेला.

आणि ही मला शोभेची गोष्ट वाटत नाही, कारण माझ्या मामेबहिणीला फिट्स येतात. लखलखाट तिला चालत नाही. १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटानं शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. वेबसाइटसाठी तर नियमच आहे, सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लखलखू नये. आमच्या बॉसच्या शेवटच्या टप्प्यात एकावर एक साचलेले इफेक्ट सतत लखलखत असतात. बहीण खोलीत आली की मी लॅपटॉप मिटतो, मग रेडचं काय व्हायचं ते होवो.

रविवारी परत बसणार आहोत. आज दुपारी हीलरला फोन केला आणि सांगितलं, शेवटच्या दहा टक्क्यांत कमळ टाकू नको, खालचं काही दिसत नाही. जीव वाचवणाऱ्या पोरीला जीव वाचवू नको म्हणून सांगावं लागलं. ती म्हणाली, “अरे, मग टँक पडताना मी नुसतं बघत उभी राहू?” मला उत्तर देता आलं नाही.